अकरा टोप्यांची राखण

सोनगीरच्या कौतिक नानांना पोहता येत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण नानांनी एकतीस वर्षं पाटकऱ्याची नोकरी केली. पाटकरी म्हणजे कालव्याची दारं उघडणारा आणि बंद करणारा माणूस. कुणाच्या शेताला पाणी किती वेळ मिळेल, हे त्याच्या हातात. इतकी वर्षं कालव्याच्या काठाकाठानं सायकल हाकूनही नानांनी पाण्यात पायाचा अंगठासुद्धा बुडवला नाही. कुणी छेडलंच तर म्हणायचे, "सरकारनं मला किल्ली दिली होती. चड्डी दिली नव्हती."

पाण्याबद्दल नानांचं मत एकच होतं आणि ते त्यांनी निवृत्तीनंतरही बदललं नाही: पाणी ही कुलपात ठेवायची वस्तू आहे. हे मत त्यांनी कुठल्या पुस्तकातून उचललं नव्हतं. कालव्यातून त्यांनी आपल्या डोळ्यांदेखत वासरं, सायकली, लग्नाचं एक आख्खं गादी-गिरदीचं बोचकं वाहून जाताना पाहिलं होतं. आणि एकदा पाच वर्षांचा एक मुलगा. त्याबद्दल ते कधी फारसं बोलत नाहीत. बायको ताईबाईंनी खोदून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले होते, "काठावर एकोणीस बाया धुणं धुवत होत्या. एकोणीस." आणि उठून गुरांना चारा टाकायला गेले होते. तेव्हा घरी गुरं नव्हती.

अशा माणसाच्या घरात पोहण्याचा तलाव यावा, हे केवळ जेसीबीमुळे घडलं.

नानांचा मुलगा स्वप्नील. त्याच्याकडे भाड्यानं द्यायचे दोन जेसीबी. गावाबाहेर, किल्ला समोर दिसेल अशा प्लॉटवर त्यानं बंगला बांधायला काढला. पाण्याच्या टाकीसाठी खड्डा खणायचा होता. ऑपरेटरनं नकाशा उलटा धरला आणि बंगल्याच्या मागे खणायचा खड्डा बाजूला, तोही तिप्पट मोठा खणून ठेवला. दुसऱ्या कुणाच्या घरी असं झालं असतं तर माती लोटून मोकळे झाले असते. पण जेसीबीवाल्याच्याच घरी खड्डा चुकला हे गावाला कळलं, तर उद्या खणायला बोलावणार कोण? स्वप्नील खड्ड्याच्या काठावर दोन विड्या संपेपर्यंत उभा राहिला आणि मग मोठ्यानं म्हणाला, "स्विमिंग पूल शे हा. पहिल्यापासून ठरेल व्हतं."

धुळ्याहून संघपाल आला. चाळिशीतला, कमी बोलणारा. तलाव बांधणं हा त्याचा धंदा आणि सकाळी मुलांना पोहायला शिकवणं ही आवड. निळ्या फरशा बसल्या, एका टोकाला तीन फूट आणि दुसऱ्याला साडेपाच फूट खोली झाली. पाणी भरायच्या दिवशी संघपालनं मालकाला खुर्चीवर बसवलं आणि घरच्या तलावाचे नियम सांगायला घेतले. मालक फोनवर मुरूम विकत होता. नाना मात्र वही घेऊन बसले. नियम म्हटले की नानांना जेवण गोड लागतं.

"चारही बाजूंनी जाळी, छातीपेक्षा उंच," संघपाल म्हणाला. "आडव्या पट्ट्या नकोत, पोरं शिडीसारखी चढतात. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं, स्प्रिंगनं आपोआप मिटणारं. कडी वर, मुलांचा हात पोचणार नाही अशी. जाळीजवळ खुर्ची, कुंडी, ड्रम, काही ठेवायचं नाही. खेळून झालं की बॉल-बदक पाण्यातून बाहेर. नाहीतर मूल त्याच्यामागे जातं. तळाशी पाणी ओढणाऱ्या भोकावरचं झाकण निघालं तर त्या दिवशी कुणी उतरायचं नाही. लांब काठी आणि ट्यूब कायम काठावर."

"पुढे," नाना म्हणाले. त्यांची पेन्सिल तापली होती.

"आणि सगळ्यात मोठी गोष्ट. बुडणारं माणूस सिनेमात ओरडतं. खरं माणूस गप बुडतं. म्हणून पाण्याजवळ मूल असेल तेव्हा एका माणसानं फक्त पाण्याकडे बघायचं. फोन नाही, पेपर नाही, गप्पा नाहीत. अर्ध्या तासानं दुसऱ्यानं यायचं. कोण बघतंय हे सगळ्यांना माहीत पाहिजे."

नानांनी वही मिटली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना खात्याबाहेरचा माणूस शहाणा वाटला. ही तर पाळी होती! कालव्याचं पाणी पाळीनं मिळतं. एका वेळी एकाची पाळी. दोघांची असली की भांडण, चौघांची असली की पाणी ओढ्याला.

पहिली लढाई जाळीवरून झाली. स्वप्नीलला जाळी नको होती.

"नाना, जाळी लावी ते फोटोमा कोंबड्यासनं खुराडं दिसी."

"दिसू दे."

"आपलं सोतानं घर शे. आठे, आपला घरमा, कोन बुडी?"

"पानीले मालक समजस नही," नाना म्हणाले आणि आपली बाज उचलून तलावाच्या काठावर नेऊन टाकली.

नऊ दिवस नाना तिथेच होते. दोन्ही वेळचं जेवण तिथं, पेपर तिथं, दाढी तिथं. स्वप्नीलचे मित्र तलाव बघायला यायचे, फोटो काढायचे, आणि प्रत्येक फोटोत निळ्या पाण्यामागे बनियनमधले नाना कांदा फोडताना दिसायचे. एका फोटोखाली कुणीतरी विचारलं, "हे तलावाबरोबर फुकट मिळतात का?" दहाव्या दिवशी जाळी आली. नानांपेक्षा जाळी दिसायला बरी, हे स्वप्नीलला पटलं होतं.

मग पाळीची खूण ठरवायची होती. कोण बघतंय हे लांबून कळायला हवं. नानांनी आपली पांढरी टोपी काढली. ज्याच्या डोक्यावर टोपी, त्याच्याकडे पाणी. टोपी देणाऱ्यानं विचारायचं, "पानी कोनाकडे?" घेणाऱ्यानं म्हणायचं, "पानी मनाकडे," म्हणजे माझ्याकडे. मगच देणाऱ्यानं पाठ फिरवायची. नानांची नात गार्गी चार वर्षांची. तिला पाण्यात खेळायचं असलं की घरातल्या कुणाला तरी टोपी घालावीच लागे. सून सपना, जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवणारी, पंजाबी ड्रेसवर पांढरी टोपी घालून पाण्याकडे एकटक बघत बसे. शेजारच्या इंदिराबाईंनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना वाटलं, सपना निवडणुकीला उभी राहिली.

"नाना, ओढणी चालणार नाही का?" सपनानं एकदा विचारून पाहिलं.

"ओढनी घरमा बठ्ठ्या बायासकडे शे," नाना म्हणाले. "टोपी घरमा एकच."

हे उत्तर बिनतोड होतं. त्या वेळी तरी.

मग वास्तुशांत ठरली. पाहुणे दीडशे. त्यांत पहूरहून सपनाचे वडील रुपचंद आबा येणार, म्हणजे घरातल्या भांड्यांनीसुद्धा वाजायचं नाही. आबा माणूस वाईट नव्हे, पण मानाच्या बाबतीत त्यांचा काटा सोन्याच्या दुकानातला. लग्नात त्यांना दुसऱ्या पंगतीला बसवलं गेलं होतं. या गोष्टीला सहा वर्षं झाली होती आणि आबा ती अजून दर दिवाळीला, अगदी सहज, पहिल्यांदाच आठवल्यासारखी काढत. गाडीत बसायचं झालं तरी तीनदा "बसा ना आबा" म्हटल्याशिवाय त्यांचा पाय उचलत नसे.

नानांनी तयारीला आठवडा घेतला. जाळीजवळच्या खुर्च्या हलवल्या. मांडवाचे बांबू जाळीला टेकवणाऱ्या माणसाला हाकललं. बदक, बॉल, गार्गीची प्लॅस्टिकची मगर कोठीत कोंडली. दार अकरा वेळा उघडून बघितलं, अकरा वेळा आपोआप मिटलं. आणि वहीत जिथं तलावाचे नियम आणि टोपीची पाळी लिहिली होती, त्याच पानामागे, त्याच पेन्सिलीनं, नानांनी बाजाराची यादी लिहिली: नारळ ऐंशी, टॉवेल ऐंशी, टोप्या ऐंशी.

कारण पुरुष पाहुण्याला टॉवेल-टोपी दिल्याशिवाय खानदेशात कार्य होत नाही. कुंकू लावायचं, खांद्यावर टॉवेल टाकायचा, डोक्यावर टोपी ठेवायची, हातात नारळ द्यायचा. ज्यानं आयुष्यात कधी टोपी घातली नाही तोही त्या दिवशी मुकाट्यानं घालतो आणि कार्य संपेपर्यंत काढत नाही. हे नानांना इतकं पाठ होतं की त्याकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. आपण श्वास घेतोय हे कुणाच्या लक्षात येतं?

वरण-बट्टी आणि गंगाफळाच्या भाजीची पहिली पंगत उठली. रुपचंद आबा पहिल्याच पंगतीत, पहिल्याच पानावर बसले होते. स्वप्नीलनं तसा फोटोही काढून ठेवला होता, पुढेमागे पुरावा असावा म्हणून. मग मांडवात आहेराला सुरुवात झाली. देणारे घरचे वडील, म्हणजे नाना. सकाळपासून तलावाची पाळी त्यांच्याकडेच होती. त्यांनी हितेंद्रला, सपनाच्या भावाला बोलावलं. हितेंद्र बँकेत होता. त्याला जबाबदारी रीतसर अंगावर घ्यायची सवय होती.

"पानी कोनाकडे?"

"पाणी माझ्याकडे, नाना," हितेंद्र म्हणाला, टोपी घातली, आणि खुर्ची घेऊन खरोखरच पाण्याकडे बघत बसला. पोरगं गुणी. त्यानं फोनसुद्धा बहिणीकडे ठेवायला दिला.

आहेर घेतलेले पाहुणे हळूहळू मांडवातून बाहेर पडले आणि सोनगीरचा पहिला तलाव बघायला जाळीत शिरले. दार स्प्रिंगचं, ते प्रत्येकाच्या टाचेवर मिटायचं. हितेंद्र पहिल्या दोघांना "दार लावून घ्या" म्हणाला. तिसरे कुंदन काका, आबांचे चुलत भाऊ. मोठे सज्जन. मागून येणाऱ्यांना त्रास नको म्हणून त्यांनी नुकताच मिळालेला टॉवेल काढला आणि दार जाळीला घट्ट बांधून ठेवलं. गाठ सुरेख मारली होती.

तेवढ्यात माईकवरून नाव आलं: "हितेंद्रभाऊ रुपचंद, पहूर! लवकर यायचंय!"

आता बहिणीच्या सासरचा आहेर. घ्यायला गेलं नाही तर हितेंद्रचं काही नाही, पण आबांच्या हिशेबात ते कुठल्या रकान्यात पडेल याचा भरवसा नव्हता. हितेंद्रनं उठून आजूबाजूला पाहिलं. शेजारी कुंदन काका उभे होते. डोक्यावर पांढरी टोपी. त्यांच्यापलीकडे अजून एक टोपी. पलीकडे अजून दोन. हितेंद्रला बरं वाटलं. इतक्या टोप्या असताना पाण्याला काय भीती? तो मांडवाकडे पळाला.

मांडवात नाना चौऱ्याहत्तराव्या डोक्यापर्यंत आले होते. ते डोकं रुपचंद आबांचं. मुद्दाम शेवटाकडे ठेवलं होतं, कारण आबांच्या आहेरात धोतरजोडी होती आणि ती सगळ्यांनी बघायला हवी होती. माईकवाल्यानं नाव दोनदा घेतलं. नानांनी कुंकू लावलं, टॉवेल खांद्यावर टाकला, टोपी दोन्ही हातांनी उचलली. आबांनी मान किंचित झुकवली. फोटोवाला म्हणाला, "असंच थांबा."

नाना थांबले. आबांच्या डोक्यावरून समोर तलाव दिसत होता. जाळीच्या आत टोप्या होत्या. सवयीनं नानांनी मोजल्या. अकरा. अकरा माणसं राखणीला! पाटबंधारे खात्याला धरणावरसुद्धा कधी अकरा माणसं मिळाली नव्हती. अर्धा क्षण नानांची छाती फुगली.

मग त्यांच्या लक्षात आलं, की अकराच्या अकरा टोप्यांची तोंडं मांडवाकडे आहेत. सगळे आबांचा आहेर बघत होते.

एकोणीस बाया, नानांना आठवलं.

बारावी टोपी पाण्यावर होती. वाऱ्यानं कुणाची तरी उडून पडली असावी. होडीसारखी तरंगत होती. आणि काठावर, पिवळ्या फ्रॉकात, गार्गी तिच्याकडे हात लांबवून वाकली होती. पुढच्या क्षणी पिवळा फ्रॉक काठावर नव्हता. आवाज काहीच आला नाही.

नानांनी आबांची टोपी हातातच ठेवली आणि पळाले.

सहासष्ट वर्षांचा माणूस धोतरात पळतो तेव्हा लोकांना आधी हसू येतं. माईकवाला म्हणाला, "नाना, अहो नाना, आहेर राहिला!" नानांनी मांडवाची दोरी ओलांडली, बट्ट्यांची टोपली उलटवली, टॉवेलनं बांधलेल्या दारातून सरळ आत शिरले (कुंदन काकांच्या गाठीचा तेवढा एक उपयोग झाला) आणि तीन फुटांच्या बाजूच्या पायऱ्यांवरून खाली उतरले. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. कंबरेपर्यंत पाणी आलं. एकतीस वर्षं ज्या गोष्टीला किल्लीच्या टोकापलीकडे हात लावला नव्हता, तिच्यात नाना उभे होते, आणि ती थंडगार होती. त्यांनी वाकून फ्रॉकचा पट्टा पकडला आणि नातीला वर ओढलं.

गार्गी खोकली. पाणी ओकली. मग तिनं असा टाहो फोडला की किल्ल्यावरची माकडं खाली बघायला लागली असतील.

पंगतीतून उष्ट्या हातानं धावत आलेल्या संघपालनं तिला काठावर कुशीवर घेतलं, श्वास बघितला, ओठ बघितले. "रडू द्या," तो म्हणाला. "रडणं चांगलं. पण पाणी पोटात गेलंय, छातीतही गेलं असेल. आत्ताच्या आत्ता धुळ्याला डॉक्टरांना दाखवायचं."

सपनानं पोरीला छातीशी घट्ट धरलं होतं. ताईबाई कुणाकुणाला शिव्या द्यायच्या हे ठरवत होत्या. अकरा टोप्या एका ओळीत उभ्या होत्या.

"आम्ही आठेच, पानीजवळच व्हतूत, नाना," एक जण म्हणाला.

"मग बघत कोन व्हतं?"

त्यानं कुंदन काकांकडे बोट केलं. कुंदन काकांनी शेजारच्याकडे केलं. बोट असं फिरत फिरत अकराव्यापर्यंत गेलं आणि अकराव्यानं पहिल्याकडे केलं. कुणीही खोटं बोलत नव्हतं. प्रत्येकाला प्रामाणिकपणे वाटत होतं की दुसरा बघतोय.

हितेंद्र डोळे पुसत म्हणाला, "नाना, माझं नाव पुकारलं म्हणून मी..."

नाव पुकारायची यादी नानांनी लिहिली होती. टोप्या नानांनी मागवल्या होत्या. वहीच्या एका पानावर एक टोपी आणि मागच्या पानावर ऐंशी, आणि मधे कागद इतका पातळ, की उजेडात धरला असता तर दोन्ही एकदम वाचता आलं असतं.

स्वप्नीलनं गाडी काढली. आणि तेव्हा सगळ्यांना आठवलं, की मांडवात रुपचंद आबा आहेत.

आबा मांडवातून चालत येत होते. कपाळाला कुंकू, खांद्यावर टॉवेल, हातात काहीच नाही, डोकं उघडं. दीडशे माणसांसमोर व्याह्यानं डोक्यापर्यंत आणलेली टोपी परत नेली होती. पहूरपासून जामनेरपर्यंत कुणाच्या स्मरणात असं घडलं नव्हतं. ताईबाईंनी पदर तोंडाला लावला. स्वप्नील पुढे होऊन म्हणाला, "आबा, चुकलं आमचं, तुम्ही आधी बसून घ्या, आपण परत सगळं..."

"गाडीचं दार उघड," आबा म्हणाले.

एकदाही "बसा ना" न ऐकता ते आत बसले.

मागच्या सीटवर एका बाजूला आबा, दुसऱ्या बाजूला ओले नाना, मधे सपनाच्या मांडीवर गार्गी. नानांच्या धोतरातून पाणी गळून आबांच्या नव्या बुटात शिरत होतं. आबांनी पाय हलवला नाही. गाडी धुळ्याजवळच्या नगावबारीला आली.

"ती टोपी..." मग नाना म्हणाले. ती अजून त्यांच्या मुठीत होती, चुरगळलेली.

"व्याही," आबा म्हणाले, "मी तिचा आजा आहे. तुम्ही टोपी घालत बसला असता तर मी तुमचं तोंड पाहिलं नसतं."

धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, बोटाला चिमटा लावून बघितला, एक्स-रेचा फोटो काढला. फोटो चांगला आला. "सध्या ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण दोन-चार तास इथंच ठेवू. घरी गेल्यावरही उद्या संध्याकाळपर्यंत लक्ष ठेवायचं. दम लागला, खोकला वाढला, पोर मलूल झाली, की लगेच आणायचं. कोण लक्ष ठेवणार?"

"आम्ही," चौघं एकदम म्हणाले.

"आम्ही म्हणजे कोण?"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. सपना गार्गीचे ओले केस पुसत होती. स्वप्नीलचा फोन वाजत होता. त्यानं तो आयुष्यात पहिल्यांदा न बघता बंद केला. आबा खाली बघत होते. विचारल्याशिवाय पुढे व्हायची त्यांना सवय नव्हती, आणि हे तर मुलीचं सासर.

नानांनी घसा साफ केला. "पाळीनं ठेवू," ते डॉक्टरीणबाईंना म्हणाले. "पहिली पाळी आबांची."

रुपचंद आबांनी मान वर केली. लग्नातल्या दुसऱ्या पंगतीपासूनचं सगळं एका झटक्यात वसूल झाल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. ते खुर्ची पलंगाला लावून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, गार्गीच्या छातीकडे टक लावून बसले. नर्स मधे आली तर तिलाही त्यांनी हातानं बाजूला सरकवलं.

नाना ओल्या धोतरानं दाराबाहेरच्या बाकावर बसले आणि दाराच्या काचेतून, आबा नीट लक्ष ठेवतायत की नाही, यावर लक्ष ठेवू लागले. स्वप्नील म्हणाला, "नाना, कपडा तरी बदला ना." नानांनी काचेवरून नजर न हलवता हातानंच त्याला गप्प केलं. खात्यात याला सुपरव्हिजन म्हणत, आणि त्यासाठी वेगळा माणूस नेमलेला असे.